डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब: बाकावर बसल्या बसल्या विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्यात. रोज माझ्या हातून कितीतरी जणांच्या डोळ्यात हे थेंब पडतात. मग माणसं बाकावर डोळे मिटून बसतात आणि तेव्हाच सगळे प्रश्न सुचतात. खरं तर ते थेंब पडायच्या आधी विचारायला हवेत, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

हे थेंब नेमकं करतात काय?

डोळ्यातलं तपकिरी बुबुळ आणि त्याच्या मधोमध जे काळं भोक दिसतं ती बाहुली. उजेडात बाहुली लहान होते, अंधारात मोठी होते, आणि हे काम बुबुळातले दोन स्नायू करतात, एक तिला आवळतो आणि दुसरा ओढून उघडतो. थेंबातलं ट्रोपिकामाइड नावाचं औषध आवळणाऱ्या स्नायूला सैल सोडतं, फिनाइलएफ्रिन नावाचं उघडणाऱ्याला जोर देतं. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यात ही दोन्ही औषधं एकाच बाटलीत असतात, ०.८ टक्के आणि ५ टक्के. एरवी दोन-चार मिलिमीटरची बाहुली त्यानं सात-आठ मिलिमीटर होते.

दार किलकिलं करून माजघरात डोकावलं तर समोरचा देव्हारा दिसतो पण कोपऱ्यातली कणगी दिसत नाही ना, तसंच आहे हे. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग लहान बाहुलीतूनही थोडाफार दिसतो, पण कडेला पडलेलं भोक, सुटत चाललेला पडदा, साखरेमुळे झालेले रक्ताचे ठिपके हे सगळं बघायला दार पूर्ण उघडावं लागतं.

मशीननं फोटो काढला की झालं, थेंब कशाला?

फोटो चांगलाच असतो, शिबिरात तर फार उपयोगी पडतो, पण त्यात पडद्याचा ठरावीक भागच येतो आणि मोतीबिंदू असेल तर फोटो धुरकट येतो. डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा तरी थेंब घालून पडदा तपासून घ्याच, टाइप टू वाल्यांनी तर निदान झाल्या झाल्याच, कारण साखर कधीपासून वाढलेली होती हे कुणालाच माहीत नसतं. आणि डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळं दिसायला लागलं, वीज चमकल्यासारखं झालं, तर 'पुढच्या आठवड्यात बघू' असं करू नका. त्याच दिवशी या, आणि थेंब घालून घ्यायच्या तयारीनं या.

थेंब घालण्याआधी मी काय काय सांगायला पाहिजे?

हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. थेंब घालणाऱ्यानं विचारलं नाही तरी तुम्ही आपणहून सांगा, गर्दीच्या दिवशी आमच्याकडूनही विचारायचं राहू शकतं.

हृदयाचा त्रास आहे का, अँजिओप्लास्टी, बायपास, पेसमेकर झालंय का, बीपी किती असतं आणि आजची गोळी घेतली का. आधी कधी काचबिंदू सांगितलाय का, किंवा घरात कुणाला अचानक डोळा दुखून नजर गेली असं झालंय का. डोळ्याचं कुठलं ऑपरेशन झालंय. हे नीट सांगा, कारण जुन्या पद्धतीच्या काही लेन्स बुबुळालाच अडकवलेल्या असतात आणि तिथे बाहुली मोठी केली तर लेन्स सरकू शकते. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का, त्यातल्या काहींचं फिनाइलएफ्रिनशी जमत नाही. फिट येतात का, गरोदर आहात का, आणि आधी कधी थेंबानं पापण्या सुजल्या, चट्टे उठले असं झालंय का.

पुरुषांनी अजून एक गोष्ट सांगायची, लघवी अडते म्हणून टॅमसुलोसिन नावाची गोळी चालू असेल तर ती. तिच्यामुळे बुबुळ ढिलं पडतं, बाहुली नीट उघडत नाही आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला त्रास होतो. काका लोक ही गोळी सांगायला लाजतात, शेजारी सून उभी असते म्हणून. मला कानात सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या, गोळीचं पाकीट दाखवा, पण सांगा. सर्जनला आधी कळलं की तो तयारीनं ऑपरेशन करतो.

नाव आठवत नसेल तर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. बरेच जण आणतात आणि मला त्यांचं फार बरं वाटतं.

मला बीपी आहे, घालू का नको?

बीपी ताब्यात असेल तर बहुतेकांना नेहमीचे थेंब चालतात. बीपी खूप वाढलेलं असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर फिनाइलएफ्रिन टाळतात आणि नुसतं ट्रोपिकामाइड घालतात, बाहुली थोडी कमी उघडते आणि वेळ लागतो, पण काम होतं. १० टक्क्यांचं जोरकस फिनाइलएफ्रिनही असतं, अशा माणसांना ते नकोच.

धोका एका थेंबात कमी आणि पुन्हा पुन्हा घालण्यात जास्त असतो. मी शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट, एका आजींना एकीनं थेंब घातले, मग जागा बदलून बसल्या म्हणून दुसरीनं घातले, आणि मीही घालणार होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, पोरी, किती वेळा घालताय गं, छातीत धडधडतंय माझ्या. बीपी बघितलं तर बरंच वर गेलेलं, दोन तास झोपवून ठेवलं तेव्हा उतरलं. तेव्हापासून मी थेंब घातला की केस पेपरवर वेळ लिहिते आणि कपाळावर, त्या बाजूच्या भुवईच्या वर, पांढऱ्या चिकटपट्टीचा बारका तुकडा लावते. तुमच्या बाबतीत कुणी दुसऱ्यांदा बाटली घेऊन आलं तर खुशाल विचारा, ताई, आत्ताच घातलेत, परत घालायचेत का?

काचबिंदू असेल तर थेंब चालत नाहीत ना?

अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे ही, आणि तिच्यामुळे काचबिंदूची माणसं पडदा तपासून घेत नाहीत. काचबिंदू दोन तऱ्हेचा असतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट म्हणजे कोन, तो उघडा असेल तर थेंब सहसा चालतात, उलट डोळ्याची नस तपासायला ते लागतातच. ज्यांचा कोन अरुंद आहे त्यांच्यात मात्र बाहुली मोठी झाली की बुबुळ त्या वाटेवर गोळा होऊन ती बंद होऊ शकते, आणि मग डोळ्याचं प्रेशर काही तासात फार चढतं. असं क्वचित होतं. लांबचा प्लस नंबर असलेल्या आणि वय झालेल्या लोकांत, त्यातही बायकांत, कोन अरुंद असण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या भागातल्या लोकांत हे युरोपातल्या लोकांपेक्षा जास्त दिसतं. म्हणूनच थेंबाआधी मशीनवर बसवून उजेडाची बारीक फट टाकून कोन बघतात आणि प्रेशर मोजतात. कोन अरुंद निघाला तर आधी लेझरनं बुबुळाला बारीक भोक पाडून वाट करून देतात, मग थेंब.

कोन न बघता, नाव विचारताक्षणी कुणी थेंब घालायला आलं तर थांबवा.

किती झोंबतं? आणि घशात कडू का लागतं?

पाच-दहा सेकंद चरचरतं, साबण गेल्यासारखं. काही ठिकाणी आधी बधिर करायचा थेंब घालतात, मग कमी झोंबतं, पण बधिर डोळा चोळू नका, ओरखडा पडला तरी कळत नाही.

कडू लागतं कारण डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, औषध तिच्यातून घशात जातं आणि तिथून रक्तात. म्हणून थेंब पडला की डोळा अलगद मिटायचा, पापण्यांची उघडझाप करायची नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. त्यानं औषध डोळ्यात राहतं आणि अंगात कमी जातं, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि हृदयाचे पेशंट यांच्यासाठी हे फार कामाचं आहे. आणि एकाच वेळी दोन थेंब घालून काही फायदा नसतो, डोळ्यात एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, उरलेला गालावरच येतो. दुसरा घालायचा तर पाच मिनिटांनी.

बाकीच्यांना आत घेतलं, माझी बाहुली अजून का उघडेना?

साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात, पण आपल्या गडद तपकिरी बुबुळातलं रंगद्रव्य औषध धरून ठेवतं, त्यामुळे असर उशिरा सुरू होतो. जुना डायबेटिस असेल तर बाहुली मुळातच आळशी होते, तासभरही लागतो. कुणाची ओळख आहे म्हणून आधी घेतलं असं नसतं हो, बाहुली बघूनच आत घेतात.

आणि साखरवाल्यांनी उपाशी येऊ नका. या तपासणीला उपाशी राहायचं नसतं, पण माणसं रक्त द्यायला आल्यासारखी काही न खाता येतात, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन येतात आणि दीड-दोन तास बसून घाम फुटतो, हात थरथरतात. जेवून या, सोबत दोन बिस्किटं ठेवा.

असर कधी उतरतो?

नेहमीच्या थेंबांचा चार ते सहा तासात बराचसा, काहींचा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहतो. याहून जोरदार औषधंही असतात, त्यात सायक्लोपेंटोलेटचा साधारण एक दिवस, होमाट्रोपिनचा एक ते तीन दिवस, आणि अ‍ॅट्रोपिनचा दहा-चौदा दिवस. तुमच्या डोळ्यात कुठलं घातलं ते विचारून घ्या, केस पेपरवर लिहून घ्या.

तोवर जवळचं भुरकट दिसेल, मोबाइलवरचा ओटीपी वाचता येणार नाही, तर रिक्षाचे पैसे आधीच मोजून वेगळे ठेवा. ऊन सहन होत नाही, गॉगल किंवा छत्री आणा, टोपीही चालेल. एप्रिल-मेमध्ये शक्यतो संध्याकाळची वेळ घ्या. सही करायची कागदपत्रं, बँकेची कामं, सुईत दोरा, विळीवर भाजी चिरणं त्या दिवशी नको. पायऱ्या उतरताना कठड्याला धरा, म्हातारी माणसं घसरतात ती इथेच. कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच या आणि त्या दिवशी परत घालू नका.

लांबचं दिसतंय की, मग गाडी का नको?

कारण दवाखान्यात सावलीत दिसतं ते आणि रस्त्यावर समोरून ऊन आल्यावर दिसतं ते यात फरक आहे. बाहुली आता उजेडाला आवळत नाही, डोळे दिपतात, आणि रात्री समोरच्या गाडीच्या हेडलाइटभोवती एवढं मोठं वलय येतं की त्यामागचा माणूस दिसतच नाही. एक दादा, तरुण, मी तीन वेळा सांगूनही 'ताई, दहा मिनिटांवर घर आहे' म्हणून स्कूटीवर गेले आणि स्पीडब्रेकर न दिसल्यामुळे पडले, मनगट मोडलं. प्लास्टर घेऊन पुढच्या तपासणीला आले तेव्हा बायको चालवत होती. एकटे येणार असाल तर एसटीनं, रिक्षानं या, आणि सोबत कुणी नसेल तर तसं आधी सांगा, मग निदान एका वेळी एकच डोळा करता येतो का ते डॉक्टर बघतील. एक डोळा केला तरी गाडी नाहीच, एवढं मात्र लक्षात ठेवा.

लवकर उतरवायचं काही औषध नाही का?

अमेरिकेत २०२३ मध्ये फेन्टोलामाइन नावाच्या थेंबांना यासाठी मंजुरी मिळाली. आमच्या दवाखान्यात असं काही घालत नाही, वाट बघणं हाच उपाय. पाण्यानं डोळे धुऊन, गुलाबपाणी घालून काहीही उतरत नाही. आणि घरात कुणाचे काचबिंदूचे बाहुली लहान करणारे थेंब पडलेत म्हणून ते तर अजिबात घालू नका.

माझ्या पाच वर्षांच्या मुलाला तीन दिवस मलम घालायला दिलंय, एवढं कशासाठी?

मुलांच्या डोळ्यात जवळचं बघायची ताकद एवढी असते की तपासताना ती डोळा ताणून खरा नंबर लपवतात, मुद्दाम नाही, आपोआप. तो ताण पूर्ण सोडवायला अ‍ॅट्रोपिन लागतं, विशेषतः डोळा तिरळा असेल किंवा प्लस नंबरची शंका असेल तर. हे सगळ्यात जोरदार औषध आहे, म्हणून इथे मी जरा जास्त लिहिते.

१ टक्क्याचं मलम, तांदळाच्या दाण्याएवढं, खालची पापणी ओढून आत, डॉक्टरांनी सांगितलंय तितक्याच वेळा. मूल हललं आणि गालाला लागलं तर पुसून टाका, 'गेलं वाया' म्हणून परत मोठा गोळा घालू नका. तपासणीच्या दिवशी सकाळी बहुतेक ठिकाणी घालू नका सांगतात, मलमाचा थर राहिला तर नंबर नीट काढता येत नाही. तुमचे हात लगेच साबणानं धुवा आणि मुलाचेही, कारण मुलं डोळा चोळून तोच हात तोंडात घालतात.

चेहरा थोडा लाल होणं, तोंड कोरडं पडणं चालतं. पण अंग तापलं, नाडी जोरात चालली, मूल बडबडायला लागलं, ओळखेनासं झालं, लघवी होईना, तर पुढचा डोस बंद, डोळे आणि तोंड ओल्या फडक्यानं पुसा आणि फोन करून लगेच दवाखान्यात या. एका आईनं मला संध्याकाळी फोन केला, ताप आलाय, क्रोसिन देऊ का? विचारलं तर तीन वेळा घालायचं मलम आजीनं आणि आईनं दोघींनी आपापलं घातलं होतं, दिवसात सहा वेळा. ताप नव्हता तो, औषध चढलं होतं. त्याच रात्री मुलाला दवाखान्यात बघितलं, मलम बंद केल्यावर उतरलं सगळं. तेव्हा घरात एकानंच घालायचं आणि कॅलेंडरवर टिक करायची. ज्या मुलांना फिट येतात, हृदयाचा दोष आहे किंवा डाऊन सिंड्रोम आहे त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना आधीच सांगा, या औषधाचा त्यांना जास्त त्रास होऊ शकतो.

सायक्लोपेंटोलेट घातल्यावरही एखादं मूल पेंगतं, झोकांड्या देतं, उगाच हसतं-रडतं. काही तासात उतरतं, पण तोवर हात सोडू नका आणि आम्हाला कळवा.

शाळेत सांगून ठेवा की फळ्यावरचं दिसेल पण वही वाचता येणार नाही. परीक्षेच्या आठवड्यात ही तपासणी ठेवू नका. आणि चष्मा लगेच नाही मिळाला म्हणून वैतागू नका, औषधाचा असर गेल्यावर परत बोलावून नंबर पक्का करतात, अ‍ॅट्रोपिननंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी.

रोज रात्री घालायचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब दिलेत, तेच का हे?

नाव तेच, ताकद वेगळी. मायनस नंबर वाढू नये म्हणून देतात ते ०.०१ टक्के वगैरे, म्हणजे १ टक्क्याचा शंभरावा भाग. मेडिकलवाल्याकडून घेताना टक्केवारी वाचा, १ टक्क्याचं चुकून आणलं आणि रोज घातलं तर मुलाचे हाल होतात.

बाळ अपुऱ्या दिवसाचं आहे, एवढ्याशा डोळ्यात घालायचं?

हो, घालायचंच. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मानंतर तीस दिवसांच्या आत पडद्याची पहिली तपासणी झालीच पाहिजे, आणि अगदीच लहान, २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यातच. ही वेळ चुकली तर पडदा कायमचा जाऊ शकतो. बाळांना थेंब पातळ करून, अर्ध्या ताकदीचे घालतात, वरून ओघळलेलं लगेच टिपतात कारण कातडीतूनही औषध आत जातं. तपासणीच्या अगदी आधी पोटभर पाजू नका, उलटी होते. नंतर थोडा वेळ श्वासावर लक्ष ठेवायला नर्स बसवून ठेवते, घरी जायची घाई करू नका.

गरोदर आहे / बाळ अंगावर पितंय, चालेल का?

सांगा, मग डॉक्टर ठरवतील. निव्वळ नंबरसाठी असेल तर पुढे ढकलतात. पण आधीपासून डायबेटिस असलेल्या किंवा बीपी वाढलेल्या गरोदर बाईचा पडदा बघणं गरजेचं असतं, तिथे कोपरा दाबून धरून थेंब घालतात.

थेंब घातलेच नाहीत, तरी एक बाहुली मोठी झालीय!

घाबरण्याआधी हातानं काय केलं ते आठवा. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी एक मावशी आल्या होत्या, उजवी बाहुली भली मोठी, वाचता येत नाही, घरचे रडकुंडीला आलेले. डोकं दुखत नव्हतं, पापणी पडलेली नव्हती, चालणं-बोलणं चांगलं. देवळात वाहायला सकाळी धोत्र्याची फळं आणि फुलं तोडली होती, आणि तोच हात डोळ्याला. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिनच असतं, त्याच्या जोडीचीही औषधं असतात. दोन-तीन दिवसांनी बाहुली आपोआप जागेवर आली. मुलाला मलम घालणाऱ्या आईचीही एक बाहुली अशीच मोठी होते.

पण हे आम्हाला ठरवू द्या. एक बाहुली मोठी आणि सोबत डोकं दुखणं, पापणी खाली येणं, दोन दोन दिसणं, किंवा डोक्याला मार असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

उरलेली बाटली घरी ठेवू का?

नको. बाटल्या सगळ्या एकसारख्याच दिसतात, डोळे आले की कुणीतरी हीच घालतं. अ‍ॅट्रोपिनची बाटली मुलानं तोंडात धरली तर जिवाशी येतं. बधिर करायचा थेंब तर कुणी दिला तरी घरी नेऊ नका, बरं वाटतं म्हणून घालत राहिलं की डोळ्याची काच झिजते.

घरी गेल्यावर कधी धावत यायचं?

त्याच दिवशी किंवा रात्री डोळा खूप दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, नजर धुरकटली, त्या बाजूचं डोकं ठणकलं आणि उलट्या झाल्या, तर हे पित्त नाही. प्रेशर चढलंय. बाहुली परत लहान होताना अर्ध्यावर असते तेव्हाच हे जास्त होतं, म्हणजे तुम्ही घरी पोचून जेवून आडवे झालेले असता. सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच्या रात्री निघा, काही तासात उपचार मिळाले तर नजर वाचते. पापण्या सुजल्या, श्वासाला त्रास झाला, छातीत दुखलं तरीही लगेच.

आणि केस पेपर त्या दिवशी खिशात असू द्या. वाटेत पडलात, डोक्याला लागलं आणि कॅज्युअल्टीत नेलं तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा टॉर्च मारून बाहुल्या बघतात. उजेडानं न हलणारी मोठी बाहुली दिसली की त्यांना मेंदूत रक्तस्रावाची शंका येते, तेव्हा कुठला थेंब, कुठल्या डोळ्यात, किती वाजता घातला हे त्यांना त्या कागदावरूनच कळतं.